वीस पैशांवरचे उलटे सिंह

बँकेत कॅशवर बसून मी अख्खी नोकरी काढली, त्यामुळे रत्नागिरीतल्या निम्म्या ओळखीच्यांना वाटतं की मला नाण्यांतलं सगळं कळतं. सगळं नाही कळत. एवढं मात्र कळतं की नाण्यावरचा दोष टांकसाळीतूनच आलाय की नंतर कुणाच्या हातून झालाय. हा माझा जुना छंद, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्याची पार वाट लावली आहे. ‘तुमच्या डब्यात हे नाणं असेल तर लखपती व्हाल’ असं कुणीतरी ओरडतं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर माणसं हजर.

त्यातून आपले लोक नाणं आहे तसं आणतील तर शपथ. आधी आमसुलाच्या पाण्यात भिजवून, देवाची भांडी घासावीत तसं घासून लख्ख करून आणतात. एका गृहस्थांचं पितळी रंगाचं पाच रुपयांचं नाणं त्या आंघोळीने गुलाबी झालं होतं. ते म्हणाले, “टांकसाळीने चुकून तांब्याचं पाडलंय.” मी म्हटलं, “टांकसाळीने नाही, तुमच्या सोलकढीने.” ते रागावून गेले ते आजतागायत फिरकलेले नाहीत. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

मी सगळ्यांना सोपं करून सांगते. टांकसाळीची चूक ही जन्मखूण, नंतरचा मार ही जखम. जन्मखुणेला मोल आहे, जखमेला नाही. हे ऐकून चेहरे पडतात, कारण येतो तो जन्मखुणेच्या आशेने येतो.

आमची मासेवाली मात्र उलट्या आशेने आली. ती मांडवीची. वर्षानुवर्षं माझ्या दारात पाटी उतरवते आणि माझ्याशी भांडूनच भाव ठरवते. त्या दुपारी पाटी नव्हती, सोबत नवरा होता. तो पूर्वी मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये होता, आता घरीच असतो. अख्ख्या मांडवीत त्याची ख्याती एकच, थापाड्या. देवमाशाच्या पाठीवर बसून आपण भाकरी खाल्ली, हे त्याने मलाही अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकवलंय.

बाईने कनवटीची पिशवी सोडून माझ्या हातावर एक नाणं ठेवलं. जुनं, अल्युमिनियमचं, सहा कोपऱ्यांचं, वीस पैशांचं. एका बाजूला वीसचा आकडा, आणि त्या आकड्यावरच सिंहांचा ठसा, आत गेलेला आणि आरशात दिसावा तसा उलटा.

लग्न ठरायच्या आधी हे त्याने तिला दिलं होतं. मी स्वतः बनवलंय, तुझ्यासाठी, असं म्हणून. तिच्या घरी हा बडबड्या कुणालाच पसंत नव्हता. तिने हट्ट धरला तो या नाण्याच्या जोरावर. एवढं निगुतीचं काम करणारा माणूस वाईट नसणार, असं तिला वाटलं.

आता मुंबईच्या भाच्याने व्हिडिओ पाठवला. त्यात असंच नाणं, टांकसाळीची चूक, किंमत लाखांत. तो बघितल्यापासून नवऱ्याने सपशेल पलटी मारली होती.

“ताई, मी नाय ता बनवलं,” तो म्हणाला. “बाजारात सुट्ट्यात मिळालेलं. लगीन व्हावं म्हणून थाप मारली. तुमी फकस्त टांकसाळीचं हाय म्हणून सांगा.”

“बगा!” बाई उसळली. “ह्यांच्या सगळ्या थापा मी हसून सोसल्या. का, तर ही एक गोष्ट खरी होती. आता म्हंतात ती पन थाप. लाख गेले खड्ड्यात. माजं लगीन खोट्यावर झालं काय, येवढंच सांगा.”

मला त्याचा असा संताप आला की चहा टाकायचाही राहून गेला. सरळ भिंग काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखाद्या नाण्यावर जखम हवी होती.

टांकसाळीत अशी चूक होते ती ठरलेल्या रीतीने. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचीच उलटी छाप बसते. मग त्या बाजूला आकडा उमटतच नाही आणि मागची बाजू ठणठणीत असते. इथे आकडा होता, सिंहांखाली चेपलेला. मी नाणं उलटलं. मागच्या सिंहांची नाकं सपाट झाली होती आणि त्यांच्यावर बारीक चौकटींची जाळी उठली होती. माझा जीव भांड्यात पडला.

“हे टांकसाळीचं काम नाही,” मी म्हटलं. “कुणीतरी दोन नाणी एकावर एक ठेवून वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली आहेत. जबड्याच्या दातांची नक्षी उठली आहे बघा. या एका कोपऱ्यात तेवढं काही नाही.”

“नसनारच,” तो चटकन म्हणाला. “आमच्या वाइसचा जबडा त्या कोपऱ्यात तुटलेला व्हता. शेटला किती येळा सांगितलं, नवा आना...”

आणि तो थांबला. मी भिंग खाली ठेवलं. हसू आवरेना, आवरलंही नाही. जन्मभर थापा पचवलेला माणूस खऱ्यात पकडला गेला होता.

“म्हंजे लाख नाय मिळनार?” त्याने विचारलं.

“लाख? कुणी चहासुद्धा पाजणार नाही याच्यावर.”

बाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने नाणं माझ्या हातातून घेतलं आणि नवऱ्याकडे वळली.

“आता बोला. कोनी बनवलं?”

“जाव दे ना गो.”

“बोला.”

“मी,” तो पुटपुटला.

“नाय ऐकायला आलं.”

“मी बनवलं गो! आवळून आवळून हाताला फोड आलेले!”

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी नवी शेजारीण दचकून खाली वाकली. बाईने मान वर केली आणि ओळख ना पाळख, तिलाच सांगितलं, “ह्यांनी बनवलंय. माज्यासाठी.”