ओळख पटवा

माझ्या थोरल्या बहिणीच्या गल्लीत, हर्सूलला, नळाला पाणी कधी येईल याचा काही नेम नसतो. म्हणून तिथल्या बायकांनी मोबाईलवर एक ग्रुप काढलाय. पाणी सुटलं की जिला आधी कळेल तिनं तिथं लिहायचं, दुसरं काही टाकायचं नाही, असं ठरलेलं होतं. पण ठरलेलं कोण पाळतं?

त्या दुपारी ताईनं पाण्यासाठी म्हणून ग्रुप उघडला आणि तिला दाजी दिसले.

तिचा फोन आला तेव्हा मी शाळेत चौथीच्या वर्गावर होते. तिचा आवाज अगदी सपाट होता. "अगं, ग्रुपवर ह्यांचा फोटो आलाय. रस्त्यावर पडलेत. लई रक्त आहे. जिवंत आहेत का नाय ते मला कळंना. तू बघून सांग." आणि तिनं तो फोटो मला पाठवला.

दाजी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. सिल्लोडकडच्या खेड्यांत त्यांची गिऱ्हाइकं होती. त्या दिवशीही मोटारसायकलवर तिकडंच निघाले होते, तेव्हा फुलंब्रीच्या पुढं एका टेम्पोनं त्यांना उडवलं. फोटोत त्यांचा चेहरा एका बाजूनं पुरता गेलेला होता आणि दुसऱ्या बाजूचा डोळा अर्धा उघडा होता. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. कुठला फोटो, कधीचा, कुणाचा, काही नाही. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं आणि त्याच्याखाली लगेच, "मधल्या गल्लीत पाणी आलं का?"

फोन करकरून शोध घेत आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो तोवर दाजी गेले होते.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. त्यातले काही दारात चपला काढता काढताच मोबाईल पुढं करायचे. "हाच ना तो फोटो?" ताई मान हलवायची. भाची तेव्हा दहावीला होती. ती शाळेत परत गेली त्या दिवशी तिच्याशी कुणी बोललं नाही, सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. घरी येऊन मला म्हणाली, "मावशी, त्यांनी माझे पप्पा आतून बघितलेत."

तिचं ते बोलणं ऐकल्यावर मी त्या फोटोच्या मागं लागले. ज्याच्याकडून आला त्याला फोन केला, मग त्याला ज्यानं पाठवला त्याला. सगळे सभ्यपणे बोलले. "मी काढून टाकला मॅडम, पण पुढं गेला त्याचं काय करू?" उस्मानपुऱ्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला समजावलं, "असे फोटो बघूनच लोक हेल्मेट घालायला लागतील."

"आमच्या दाजींच्या डोक्यात हेल्मेट होतं," मी म्हणाले.

"अच्छा," ते म्हणाले. "तरी पण जागृती होते."

असं विचारत विचारत मी फोटो काढणाऱ्यापर्यंत पोचले. त्याच रस्त्याला पंक्चरचं दुकान असलेले एक मुसलमान गृहस्थ होते ते, पन्नाशीचे असतील. भांडायचंच ठरवून गेले होते. दाजींचं नाव सांगितल्याबरोबर ते उठून उभे राहिले.

"बाई, खिसे चाचपले, काही मिळालं नाय. मोबाईल फुटून गेलता. घरवाल्यांना खबर कशी द्यायची? म्हणून काढला फोटो." त्यांनी स्वतःचा मोबाईल दाखवला. त्यात फोटोखाली लिहिलेलं होतं: "ओळख पटवा. सरकारी दवाखान्यात नेतोय." गाडीचा नंबर होता, त्यांचा स्वतःचा नंबर होता. हाताहातातून जाताना ते सगळं गळून पडलं आणि फोटो तेवढा राहिला. दाजींना आपल्या छोटा हत्ती गाडीत घालून दवाखान्यात नेलं तेही त्यांनीच. वाटेत दाजींचं डोकं या गृहस्थांच्या भावाच्या मांडीवर होतं.

"पाणी मागितलं त्यांनी," ते म्हणाले. "दिलं मी."

मी भांडले नाही. घरी येऊन ताईला एवढंच सांगितलं, की शेवटी कुणीतरी पाणी पाजलं होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

इथंच हे संपलं असतं तर बरं झालं असतं. काही महिन्यांनी शहरात वातावरण तापलं आणि फोटो परत फिरायला लागला. या वेळी त्याच्याखाली मजकूर होता. आपल्या माणसाला 'त्यांनी' कसं ठेचून मारलं बघा, अजून किती दिवस गप्प बसणार, सगळ्यांना पाठवा. मला तो नात्यातल्याच एका ग्रुपवर आला. मी खाली लिहिलं, हे माझे दाजी आहेत, त्यांचा अपघात झाला होता, त्यांना उचलून नेलं ते एका मुसलमान माणसानं. एकानं विचारलं, "तुम्हाला किती दिले त्यांनी?" आणि मला ग्रुपमधून काढून टाकलं. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या बाईंनी ती नीट लिहून घेतली आणि खरं काय ते सांगितलं, "हा फोटो आता बंद होत नसतो, मॅडम."

पंक्चरवाल्या काकांचा फोन आला. त्यांच्यापर्यंतही तो पोचला होता. "बाई, कुणी तरी म्हणंल हाच होता तिथं. माझ्याच नंबरवरून निघालाय." मग म्हणाले, "आता रस्त्यात कुणी पडलं तर मी जात नाय. मागल्या हप्त्यात एकजण पडला, मी शटर ओढून घेतलं."

"असं करू नका, काका," मी म्हणाले.

"मग काय करू, तुम्हीच सांगा."



परवा ताईकडं गेले होते. भिंतीवर दाजींचा लग्नातला फोटो होता, तो तिनं उतरवून ठेवलाय. मी का म्हणून विचारलं. "तो बघते आणि मला दुसराच दिसतो," ती म्हणाली. "मग लावून काय करायचा?"