पाळीभर चालणारा डबा

मला पाण्याचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी जो मूर्खपणा केला तो कुठून आला, ते कळेल.

आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी सूतगिरणीत मी कामाला होतो. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून सूत कातायच्या खात्यात हवा सतत ओलसर ठेवावी लागते. भिंतीमागं मोठे पंखे, त्यांच्यापुढं पाण्याचे बारीक फवारे, आणि त्यातून भिजलेली हवा खात्यात सोडायची. ते पंखे, ते फवारे, त्या पाण्याचे कॉक माझ्या ताब्यात. आयटीआयला इलेक्ट्रिशियनची परीक्षा पास होऊन मी लागलो होतो, पण गिरणीत सगळे मला 'पाणीवाला' म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटे. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतील तेवढं ओंजळीत घ्यायचं. बहात्तरच्या दुष्काळात आईनं टँकरच्या पाण्यावर दिवस काढत रस्त्याची खडी फोडली. आणि त्यांच्या घरातला मी अख्ख्या गिरणीचं पाणी चालवत होतो. कधीकधी गरज नसताना उगाच कॉक फिरवून बघायचो.

तर त्या साली, पुन्हा एकदा पाऊस रुसलेला असताना, गिरणीत सुताची तपासणी करणारं नवं इलेक्ट्रॉनिक यंत्र येणार असं ठरलं. ते चालवायला एक माणूस बाहेरगावी शिकायला पाठवायचा होता. एकच. मी अर्ज घेऊन आमच्या इंजिनिअर साहेबांकडं गेलो. साहेब सोलापूरचे, कामाला चोख, पण बोलायला फटकळ. अर्ज त्यांनी पुरता वाचलाही नाही.

"पाणीवाल्यानं पाणी बघावं," ते म्हणाले. "इलेक्ट्रॉनिक म्हणजे फवाऱ्याचं तोंड साफ करणं नव्हे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "साहेब, मी घरी कॉम्प्युटर जोडतोय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. घरी कॉम्प्युटर नव्हता, एक जुनं इंग्रजी मासिक होतं आणि त्यात कॉम्प्युटरच्या जोडणीची आकृती होती. ती मी इतक्यांदा पाहिली होती की पान मऊ पडलं होतं.

साहेब हसले. "मग आण की. पण मे महिन्यात आण. कातायच्या खात्यात ठेव, सात ते तीन, पहिली पाळी. झाकण उघडायचं नाही. पाळीभर चालला तर तुझं नाव धाडतो. नाही चालला तर पुन्हा अर्ज घेऊन माझ्या दारात यायचं नाही."

होळी नुकतीच झाली होती. हातात सव्वादोन महिने होते.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "आवो, कॉम्प्युटर ठिवणार कुठं? माणसं ठिवायला जागा न्हाय." खरंच होतं. पत्र्याच्या छपराची एक खोली. आणि न्यायचा सायकलच्या कॅरिअरवरून. म्हणून आधी आकार ठरला, मग बाकीचं. बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा घरात होता. जे काय बसवायचं ते त्यात बसलं पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

सुटीच्या दिवशी एसटीनं हैदराबादला गेलो आणि सामान आणलं. प्रोसेसर, मेमरीच्या चिप, आकड्यांची बटणं. पडद्याला डब्यात जागा नव्हती, त्याऐवजी लाल उजेडाचे सहा आकडे. मेमरी घेताना मी घाई केली. कमी वीज खाणारी, थंड राहणारी चिप दुकानदाराकडं नव्हती. दुसरी होती, ती जास्त वीज खायची आणि तापायची. परतीची एसटी चुकेल म्हणून मी तापणारीच घेतली. ट्रान्सफॉर्मरही मिळाला तो उचलला, बारा व्होल्टचा.

डब्याला काम काय द्यायचं, हे मात्र मी नीट ठरवलं होतं. आमच्या खात्यात दोन थर्मामीटर टांगलेले असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाला ओली चिंधी. दोन्ही आकडे वाचायचे, भिंतीवरच्या तक्त्यात बघायचं आणि हवेत किती ओलावा आहे ते काढायचं. डब्यात दोन आकडे टाकले की ओलावा त्यानंच सांगावा. शिवाय आत एक घड्याळ चालू राहील. डबा मध्येच अडकला तर घड्याळ थांबेल आणि चोरी लपणार नाही.

महिन्याभरात जोडणी झाली. पहिल्यांदा चौतीस आणि सत्तावीस टाकले आणि अठ्ठावन्न उमटले, तेव्हा मी बायकोला हाताला धरून चुलीपुढून उठवून आणलं. तिनं आकडे पाहिले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "व्हय, लई भारी. आता भाकर करपंल." पण नंतर दिवसभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

आनंद अर्धा तास टिकला. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली डबा तापला, आकडे भलतेच दिसू लागले, मग घड्याळ थांबलं. आणि अडकला की मेमरी पुसली जायची. तक्ता पुन्हा एकेक बटण दाबून भरायचा, तास दीड तास. एका आठवड्यात मी तो तक्ता अकरा वेळा भरला असेन. बोटं दुखायची, संताप व्हायचा, पण सोडायचा विचार एकदाही आला नाही. साहेबांचं ते हसणं डोळ्यापुढं यायचं आणि मी पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू करायचो.

मग मला वाटलं, अरे, आपण कोण? अख्खी गिरणी थंड ठेवणारा माणूस आपण. ओल्या चिंधीचा थर्मामीटर कोरड्यापेक्षा सात-आठ अंश खाली असतो, हे रोज डोळ्यानं बघतो. मग डब्यालाही ओली हवा द्यावी. डब्याला एका बाजूनं भोकं पाडली, छोटा पंखा बसवला, पंख्यापुढं गोणपाटाची पट्टी टांगली आणि पट्टीचं टोक पाण्याच्या पेल्यात सोडलं. गिरणीची नक्कलच की. डबा थंडगार झाला. चार तास चालला, मग पाच तास. मी खुशीत पेल्यात पाणी ओतत राहिलो.

बायको खुशीत नव्हती. आमच्या वस्तीला टँकर एक दिवसाआड येई आणि घरात चार घागरी पाणी पडे. एक दिवस मी पेला भरायला गेलो तर ती घागरीपुढं उभी राहिली. "माणसाला प्यायाला पाणी न्हाय आन ह्या डब्याला आंघोळ!"

मी तिच्यावर ओरडलो. ते ओरडणं आजही मला लाजवतं. पेला भरूनच घेतला.

पाचव्या दिवशी आकडे वेड्यासारखे नाचले आणि विझले. झाकण उघडलं आणि मी तिथंच बसलो. माझ्या कपड्यांवरून, केसांवरून रोज घरी येणारे कापसाचे तंतू पंख्यानं आत ओढून घेतले होते. ते भिजून चिपांच्या पायांवर गोधडीसारखे बसले होते. टँकरचं पाणी खारं, त्याचा पांढरा थर चढला होता, तांब्याला हिरवं आलं होतं. मेमरीची एक चिप मेली होती. कापसाला जे मानवतं ते विजेला मानवत नाही, हे इलेक्ट्रिशियनची परीक्षा पास झालेल्या माणसाला कळू नये? कळत होतं. पण पाण्यानं मला वर आणलं होतं, आणि पाणी कुठं नडेल असं माझ्या मनातच येत नव्हतं.

बायकोनं पेला उचलला, विसळलाही नाही, नुसता फळीवर पालथा घातला.

तीन आठवडे उरले होते. मी नळदुर्गला गेलो. तिथं हमरस्त्यावर एका चाचांचं भंगारचं दुकान होतं. भंगारात पडण्याआधी त्यांनी निम्मी हयात ट्रकच्या इंजिनाखाली काढली होती. मला जाड ॲल्युमिनियम हवं होतं. कशाला हवं, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, पेल्यासकट.

चाचा पोट धरून हसले. "मियां, ट्रकचं इंजन तापलं तर तुमी त्येच्यावर घागर वतता का?"

"नाही."

"मंग? इंजनातली गरमी म्होरं रेडिएटरात आणतेत, अन् त्येचं तोंड वाऱ्याला ठिवतेत. तुमी उलटं करताव. वारा घरात घेताव. गरमीला घराभायेर काढा की."

मग त्यांनी ढिगातून एसटीच्या पायरीचा पत्रा ओढून काढला. एका बाजूनं चढणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून उंचवटे, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत. चांगला जाड. त्यांनी तो माझ्या डब्याच्या मापाला कापूनही दिला.

डब्याची सगळी भोकं मी बुजवली. पंखा काढला. आता आत कापूस जायचा नाही आणि ओलही जायची नाही. डब्याची मागची बाजू म्हणजे तो पायरीचा पत्रा. व्होल्टेज कमी करून पाच व्होल्टवर आणणारा जो भाग सगळ्यात जास्त तापतो, तो, वीज पत्र्यात उतरू नये म्हणून मध्ये अभ्रकाची चकती ठेवून, पत्र्याच्या गुळगुळीत बाजूला आवळला. उंचवट्याची बाजू बाहेर, हवेला. ट्रान्सफॉर्मर डब्यातून काढून वेगळ्या लाकडी पेटीत ठेवला.

पण खरी गोष्ट अजून राहिली होती. उष्णता बाहेर काढण्याआधी ती तयारच कमी व्हायला हवी. बारा व्होल्ट घेऊन पाच वापरायचे म्हणजे उरलेले सगळे आतच जाळायचे. साडेसातचा ट्रान्सफॉर्मर घेतला असता तर डबा गार राहिला असता, पण गिरणीतल्या मोटारी सुरू होताना वीज खाली येते, तेव्हा तो मूर्च्छा येऊन पडला असता. शेवटी नऊचा घेतला. त्यासाठी आणि थंड राहणाऱ्या मेमरीसाठी पुन्हा हैदराबाद गाठलं. या वेळी चार दुकानं पालथी घातली आणि हवी तीच चिप घेतली. परतीची एसटी चुकली. स्टँडवर बसून राहिलो, पण घाई केली नाही.

घरी पत्र्याखाली, भर दुपारी, झाकण बंद ठेवून चाचणी घेतली. पहिल्या दिवशी सहा तास. एक जोड सैल होता, तो पक्का केला. मग आठ. मग पुन्हा आठ. बायको येताजाता घड्याळ बघायची आणि मोठ्यानं तास सांगायची.

ठरल्या दिवशी मी पहाटेच जाऊन खात्यातल्या कोपऱ्याच्या टेबलावर डबा मांडला, तक्ता भरून ठेवला आणि सातच्या भोंग्याला त्यातलं घड्याळ चालू केलं. साहेबांनी झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली, म्हणजे मी उघडणार नाही. नऊला त्यांनी दोन आकडे टाकले, उत्तर तक्त्याशी जुळलं. अकराला पुन्हा जुळलं. कापूस डब्यावर पांढरा होऊन बसत होता, पण बाहेरच.

एक वाजता मी मागच्या पत्र्याला बोट लावलं आणि तीन मोजायच्या आत काढावं लागलं. घरी कधी इतकं तापलं नव्हतं. इथं मोटारींची धग होती. मी पळत भिंतीमागं गेलो. कोपऱ्याकडच्या फवाऱ्यांचा कॉक माझ्या हातात होता. पुरता उघडला असता तर कोपरा तीन-चार अंशांनी उतरला असता. कुणी विचारलंही नसतं, ते माझंच काम होतं. पण टाकीत पाणी किती आहे ते मला माहीत होतं. दुष्काळामुळं गिरणीलाही टँकरच होता, आणि तो संध्याकाळी येणार होता. आता उधळलं तर दुसऱ्या पाळीला फवारे कोरडे पडले असते, धागे पटापट तुटले असते, आणि यंत्रांवरच्या कामगार बायका दर मिनिटाला गाठी मारत धावल्या असत्या.

मला फार मोह झाला. खोटं कशाला सांगू? हात कॉकवर होता आणि मन म्हणत होतं, एकदाच. मग मला घागरीपुढं उभी राहिलेली बायको आठवली, आणि मी तिच्यावर ओरडलेलो. मी कॉक होता तिथंच ठेवला. डबा चालला तर स्वतःच्या अंगच्या बळावर चालेल. खात्यात परत आलो आणि पाळी संपेपर्यंत त्या पत्र्याला पुन्हा बोट लावलं नाही.

तीनचा भोंगा झाला. साहेब आले, कागदाची पट्टी तपासली, दोन आकडे टाकले. उत्तर जुळलं. मग त्यांनी डब्यातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी लावून पाहिलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक. खिशातून पेन काढलं, माझा अर्ज टेबलावर ठेवला आणि त्यावर माझं नाव पुढं पाठवावं असं लिहून सही केली.

"झालं," ते म्हणाले आणि बटणाकडं हात नेला. "आता बंद कर."

मी त्यांचा हात अडवला. आयुष्यात साहेबांच्या हाताला मी पहिल्यांदाच हात लावत होतो.

"राहू द्या, साहेब," मी म्हणालो. "आठ तास तुमचे झाले. आता माझे."