सारजाबाईची तुराटी

...तर सारजाबाईनं तो पाईप साळीच्या चिखलात रोवला, इथवर काल आलो होतो. साळ म्हणजे आपलं भाताचं पीक. हातभर पाईप, त्याला तापल्या खिळ्यानं पाडलेली भोकं. रोज सकाळी बाई त्यात तुराटी, म्हणजे तुरीची वाळली काडी, सोडायची आणि पाणी जमिनीखाली किती उतरलं ते बोटांनी मोजायची.

नवरा सटवा बांधावरून म्हणाला, "साळीला ताप आलाय व्हय? थर्मामीटर लावतीस ती!"

"आलाच तर तुमाला आधी सांगते."

हसला खरा, पण सटवाचं मन ठरलं होतं. तलवाड्यात कॅनॉलच्या चारीच्या, म्हणजे पाटाच्या, पार शेवटाला त्यांचं वीस गुंठे रान. पाऊस आता महिना महिना दडी मारतो, कॅनॉलची पाळी लांबते, आणि साळीला कायम घोटाभर पाणी हवं असं सगळं गाव मानतं. "यंदा पिकली न्हाई तर तिथं सोयाबीन," असं त्यानं सांगून टाकलेलं. बी सासूच्या वेळचं, वासाचं; पेरणं थांबलं की ते बी मेलंच.

पण पाइपाचं खूळ आलं कुठून? खेकड्यामुळं! मागल्या साली एका खेकड्यानं बांधाला बीळ पाडलं. कितीदा बुजवलं तरी त्या कोपऱ्यातलं पाणी निसटायचं. आणि कापणीला बघते तर त्याच कोपऱ्यात फुटवे जास्त! तेव्हापासून बाईला चैन नव्हतं. म्हणून यंदा पाणी आठ बोटं खाली गेल्यावरच द्यायचं, असं ठरवलं.

पाणी दिल्यावर पाचव्या दिवशी शेजारच्या बंकटनं रानाच्या भेगा बघितल्या. मऊ मनाचा गडी. वाळतं पीक बघून पुढं कसं जायचं? त्यानं बांध फोडून आपल्या पाळीचं पाणी तिच्या रानात सोडलं. सारजाबाई पदर खोचून धावली, ढेकळं टाकून तोंड बुजवलं.

"बंकटा, झोपल्या लेकराला उठवून पाजतोस कावून रं?"

"मावशी, लई भेगा पडल्यात की!"

"तुराटी सोड."

बंकटनं सोडलेलं पाणी अजून पाइपापर्यंत आलं नव्हतं. त्यानं तुराटी सोडून बघितली, तर खाली पाचच बोटांवर ओल. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. "आयला! वरून वाळवंट आन् खाली विहीर!"

पुढं साळ पोटरीत आली, लोंबी पोटात धरली. आता ताण बसला तर दाणा पोचट. नेमकी तेव्हाच पाळी आठ दिवस लांबली. तुराटी आठ बोटं दाखवायला लागली, मग नऊ. सारजाबाईचं जेवण तुटलं. तेवढ्यात आपल्या विहिरीची मोटर चालू करून बंकटच बांधावर आला.

"मावशी, आता तर लेकरू जागं हाय ना?"

खळ्यावर सटवानं साळ मापली. मागल्या सालापेक्षा दोनच पायल्या कमी, आणि पाणी निम्मंच लागलेलं. आधी बियाणाचं गाडगं भरलं. मग तो म्हणाला, "बरं, राहू दे साळ. पन पुढल्या साली कॅनॉल याहून आटला तर गं?"

"मला काय ठावं? आवंदा आठ बोटं बघितली, पुढं दहा बघू. तुमी फकस्त लांबशी तुराटी हुडकून ठिवा."