ओला पंचा आणि पाट

पडद्यावरची मारामारी मुळात मुकी असते. तिला आवाज द्यायचं काम आमचे हे करायचे, आणि तालीम माझ्या स्वयंपाकघरात. ओला पंचा पाटावर आपटला की थोबाडीत. कणकेच्या गोळ्यावर बुक्की मारली की पोटात ठोसा. ओल्या फडक्यात बांबूची काटकी गुंडाळून मोडली की मनगट गेलं. दर रविवारी जेवणापर्यंत हेच, आणि पोळ्या मेल्या चामड्यासारख्या व्हायच्या.

उल्हासनगरच्या कॅम्पात आमची लष्करी बराक, मध्ये नुसत्या फळ्यांची भिंत. पहिल्याच रविवारी समोरची सिंधीण लाटणं घेऊन आत घुसली आणि काही विचारायच्या आत ह्यांच्या खांद्यावर दोन तडाखे ठेवून दिले. तिला वाटलं, मलाच मारतायत. सगळं सांगितल्यावर पोट धरून हसली. मग आवाज आला की बायका म्हणायच्या, फिल्म चालू है, आणि पापड वाळत घालायच्या.

फळीपलीकडे कारखान्यातला एक अधिकारी राहायचा. बोलणं गुळासारखं. बायको मात्र नळावरसुद्धा मान वर करायची नाही.

एका रविवारी मला माहेरी बदलापूरला जायचं होतं, म्हणून तालीम अर्ध्यावर थांबवून ह्यांना लवकरच ताटावर बसवलं. पहिला घास उचलला तोच पलीकडे पंचा आपटल्यासारखा आवाज झाला. मग ठोसा. बाहेर बायका हसल्या. मग एक बारीकसा, कोरडा आवाज. ह्यांचा हात तसाच राहिला.

"हे हाड आहे," हे म्हणाले.

मी धोपाटणं उचललं. खरकट्या हाताने हे माझ्यामागे. ह्यांना बाहेर बघताच सिंधीण काय ते समजली आणि लाटणं घेऊन धावली. ह्यांनी लाथेने दार तोडलं. त्या मुडद्याने बायकोचे केस मुठीत धरले होते, तिचं मनगट लोंबत होतं. मी पहिला तडाखा त्याच्या कोपरावर घातला. केस सुटले तरी मी थांबले नाही. सिंधीणही नाही. त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

तिचा हात बांधताना मी विचारलं, इतके दिवस ओरडली का नाहीस?

"ओरडायचे ना. पण तुमचा पंचा वाजायला लागला की मगच ते कडी घालायचे. मी ओरडले की बाहेर बायका हसायच्या. आज तुमचं लवकर थांबलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही."

हे दाराशीच उभे होते, बोटांवर आमटी वाळलेली. मी घरी येऊन पाट बंबात घातला. मग तिला घेऊनच मी बदलापूरला गेले.