वसमतची लाल भिंत

मी काच पुसायला लागले तेव्हा हिंगोलीत मुळात काचाच किती होत्या! एक बँक, दोन कापडदुकानं, एक फोटोवाला. झालं, संपलं गाव. पुढं हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, शोरूम आले, दवाखान्यांना काचेचे दरवाजे बसले, अन् बघता बघता अशी वेळ आली की गावात एक मोठी काच न्हाई जिच्यावर माझा हात फिरला न्हाई. हे मी फुशारकीनंच सांगते. काहून सांगू नये? ती फुशारकी काही मला फुकटात भेटली न्हाई.

सुरुवात बँकेतून झाली. मी तिथं झाडलोटीला होते. एक दिवस मॅनेजरसाहेब म्हणले, "बाई, या काचेतून रस्ता दिसत न्हाई." मी म्हणलं, "साहेब, ती पुसायला वर चढावं लागतं, अन् तुमच्याकडं धड स्टूलसुदिक न्हाई." ते हसले. "मग शिडी आणा." साहेबांनी ते गमतीत म्हणलं असेल, पण गंमत कळणाऱ्यातली मी न्हाई. आठ दिवसांत बांबूवाल्याकडून बारा पायऱ्यांची शिडी बांधून घेतली. काचेला ओरखडा नको म्हणून शिडीच्या दोन्ही टोकांना आत्याबाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लाकडाला ठोकली, पाणी निपटायला. अन् पातळाच्या आतून मालकांची जुनी पॅन्ट चढवली. मालक म्हंजे आमचे नवरे. खाली उभं राहून वर बघणारे फार असतात हो. बघा म्हणलं आता, पॅन्टच बघा.

आत्याबाई म्हंजे माझी सासू. शिडी धरायचं काम तिचं. धरायची म्हंजे काय, सगळ्यात खालच्या पायरीवर भिंतीकडं पाठ करून ठिय्या मारायची, तोंडात तंबाखू, अन् रस्त्यावर थांबून बघणाऱ्यावर डोळे वटारायची. "काय रं, तुह्या घरी बायका न्हाईत का?" एवढं म्हणलं की माणूस सायकलवर टांग मारून पसार. तिचं वजन बराबर, तिची जीभ त्याहून बराबर. ती खाली हाय म्हणल्यावर मला वर कधी भेव वाटलं न्हाई.

भेव होतं ते घरात. मालकांचं पंक्चरचं दुकान स्टँडच्या समोर. तिथं दिवसभर दहा गावची माणसं यायची, अन् प्रत्येकाला एकच विषय: "काय, वहिनी चढल्या का आज?" मालकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिडीला त्यांनी कधी बोट लावलं न्हाई. मी डोक्यावर शिडी घेऊन निघाले की ते रस्त्याच्या दुसऱ्या अंगानं चालायचे, जसं काही आमची ओळखच न्हाई. एकदा जेवताना ताट सरकवून म्हणले, "आजपतूर ऐकून घेतलं. पण एक बोल जरी आला ना, एकानं जरी येऊन सांगितलं की तुह्या बायकोनं अमक्याचं काम बिघडवलं, तर ही शिडी मोडून चुलीत घालीन. मग बसायचं घरी."

आत्याबाई चुलीपुढून म्हणली, "घाल की. पण बांबू लई धूर करतो बरं."

ते काही हसले न्हाईत. ते बोलले की करायचे, हे मला माहीत होतं. मला त्या शिडीवरून उतरायचं नव्हतं. वर गेलं की कसं मोकळं वाटायचं, ते मी कुणाला सांगितलंच न्हाई. खाली सगळे मला 'ए बाई' म्हणायचे. वर गेले की तेच लोक मान वर करून 'मावशी, जपून' म्हणायचे.

असंच चाललं होतं. एका उन्हाळ्यात वसमतहून एका हळदीच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. शेठजींनी बँकेची काच पाहिली होती. त्यांनी मोंढ्याच्या बाजाराला लागून दुमजली दुकान बांधलं होतं, वरचा सगळा मजला काचेचा, आत खुर्चीत बसून खाली बाजारातला माल दिसावा म्हणून. अक्षय तृतीयेला सकाळी उद्घाटन. आदल्या दिवशी काच लख्ख करून द्यायची. साधलं तर त्यांची वर्षभराची काच माझी, अन् शेजारच्या चार दुकानांचीही.

पहिल्या एसटीनं आमी दोघी निघालो, शिडी गाडीच्या टपावर. वसमतला उतरून दुकानापुढं उभ्या राहिलो अन् मी बघतच राहिले. हळदीचा हंगाम भरात. जिकडं तिकडं पिवळी धूळ उडून राहिली होती. त्यात दोन दिवसांआधी अवकाळीचा शिडकावा झालेला, म्हणून ती धूळ काचेवर लेपावाणी बसली होती. खाली भिंत मात्र पांढरीफेक, कालच चुना मारलेली. काचेवर एवढा पैसा ओतला अन् भिंतीला चुना! शेठजी म्हणले, "औंदा चुना, पुढल्या साली रंग." म्हणलं असू द्या, ज्याचं त्याला.

आता हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कोण्या बाईला शिकवावं लागत न्हाई. मी शहाणी! साबणाची वडी पिशवीतच ठेवली. नुसतं पाणी घ्यायचं ठरवलं. भिंत मावळतीकडं तोंड करून, म्हणून सकाळभर सावली. काच उन्हात कधी पुसू नये, पाणी वाळून डाग धरतं. सगळं माझ्या हिशेबात बसत होतं. पदर खोचला अन् चढले. वरून भरपूर पाणी सोडायचं, लेप भिजू द्यायचा, ट्यूबच्या पट्टीनं ओढायचं, मग वर्तमानपत्राच्या बोळ्यानं घासायचं. काच मोकळी होत गेली तशी आतली खुर्ची दिसली, टेबल दिसलं, भिंतीवरचं घड्याळ दिसलं. मला तर गाणंच सुचून राहिलं होतं. चार वेळा शिडी सरकवली, नजर मात्र काचेवरून हलली न्हाई. आत्याबाईची पाठ भिंतीला, डोळे बाजारावर.

तेवढ्यात समोरून एक हमाल वरडला, "ओ मावशी! भिंतीतून रगत येऊन राहिलं हो!"

मी खाली बघितलं. माझ्या हातून पट्टी सुटली. काचेखालची अख्खी पांढरी भिंत लाल ओघळांनी भरली होती, वरपासून पार शटरपतूर. आत्याबाई वळली अन् "अगं बया!" म्हणून तिनं तोंडावर हात ठेवला.

साबण मी टाळला, पण चुना? कुंकू कशाचं होतं? हळदीचं अन् चुन्याचंच की! काचेची हळद मीच धुऊन मीच ताज्या चुन्यावर सोडली होती. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, अन् ऐन वेळेला डोक्यात आली न्हाई. डोकं सगळं काचेत अडकलेलं. तिथल्या तिथं स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटलं.

शेठजी धावत आले. "उद्या उद्घाटन, अन् दारात रक्त? हा तर अपशकुन झाला! काय करून ठेवलं हे?" मोंढ्यातली माणसं जमली. कुणी हसत होतं, कुणी च्‌ च्‌ करत होतं. बाराच्या हिंगोली गाडीचा ड्रायव्हर चहाला आला होता, तोही कपबशी हातात धरून बघत होता. त्याला बघून मी पदर तोंडावर ओढला. ही गाडी थांबणार ती मालकांच्या दुकानासमोरच.

शेठजींनी पेंटरला बोलावलं. तो बादलीत चुना कालवूनच आला. मी त्याच्या आडवी उभी राहिले.

"हात लावू नका. वरून चुना माराल तर अजून लाल होईल."

"मावशी, तुमी काच पुसा. भिंतीचं मला शिकवू नका." त्यानं मला बाजूला सारून हातभर जागेवर कुंचा फिरवलाच. सगळे बघत उभे. पांढरा दिसला, मग गुलाबी झाला, अन् अर्धा कप चहा व्हायच्या आत पहिल्याहून लाल. पेंटर कुंच्याकडं बघायला लागला, जसं काही चूक कुंच्याची होती.

आता मी शेठजींकडं वळले. राग माझा मलाच आला होता, पण आवाज त्यांच्यावर चढला. "शेठजी, तुमी दळलेली हळद उन्हात उघडी ठेवता का?"

"न्हाई ठेवत."

"काहून?"

"रंग उडतो."

"मग? ही भिंत मावळतीकडं तोंड करून हाय. दोनला ऊन येतं, ते सहापतूर हलत न्हाई. लुगड्यावरचा हळदीचा डाग आमी बायका असाच घालवतो, ओलं करून उन्हात. आज दिवस मावळायच्या आत ही भिंत पांढरी करून देते. न्हाई झाली तर माझी शिडी तुमच्या दारात ठेवून पायी हिंगोलीला जाते."

आत्याबाईनं माझ्याकडं असं बघितलं की बोलायची गरज न्हाई. शिडीवर तिचाही जीव होता.

खरं सांगते, माझी मलाच खात्री नव्हती. लुगड्याचा डाग जातो, पण भिंतीचा जातो का, हे कुणी पाहिलं होतं? पण शब्द तोंडातून गेला तो गेला. शेठजींनी घड्याळात बघितलं अन् म्हणले, "सहापतूर थांबतो."

दोनला ऊन आलं. वैशाखातलं वसमतचं ऊन. मी बादली घेऊन चढायची, भिंत ओली करायची, उतरायची, शिडी सरकवायची, परत चढायची. बांबू हाताला चटके देत होता. आत्याबाई डोक्यावर ओलं फडकं टाकून तशीच पायरीवर बसली होती. "आत्याबाई, सावलीत जा," म्हणलं तर म्हणली, "तू वर जळून राहिली अन् मी सावलीत बसू का? गप चढ."

तीन वाजले तरी लालच. हमाल आपसात पैजा लावायला लागले. साडेतीनच्या सुमाराला काचेखालचा पट्टा मला तपकिरी वाटला. म्हणलं डोळ्यांचा भास असेल, ऊन लागलं असेल. आत्याबाईला विचारलं, ती मान वळवून म्हणली, "उतरलाय गं! रंग उतरलाय!" मग मी वेड्यावाणी पाणी मारलं. तपकिरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा फिका झाला, फिका वरून खाली सरकत गेला. पाचला तर काल दूध सांडलं होतं का काय असं वाटावं, एवढाच डाग.

पेंटर स्वतःहून पुढं आला. त्यानं कोपऱ्यात चार बोटं चुना लावला. सगळा मोंढा वाकून बघायला लागला. अर्धा कप चहा झाला, अख्खा कप झाला. पांढरा तो पांढराच.

"पोरी!" आत्याबाई एवढंच वरडली. एका हमालानं डोक्याचा रुमाल हवेत उडवला. मी शिडीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले, चारचौघांत. आनंदानं रडायची माझी ती पहिली वेळ.

पेंटरनं भराभरा भिंतीवर एक हात मारून घेतला. तो बादली धूत होता तेवढ्यात गर्दीतून मालक आले. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, डोळे तांबारलेले. बाराच्या गाडीच्या ड्रायव्हरनं स्टँडवर उतरून सांगितलं होतं की तुमच्या बाईनं वसमतला शेठजीची अख्खी भिंत लाल केली. मालक दुकान तसंच टाकून निघाले होते, शिडीचा निकाल लावायला.

आले, अन् भिंतीपुढं उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं. चार पावलं इकडं गेले, चार तिकडं. पांढरी भिंत, वर काच, अन् काचेत मावळतीचं ऊन असं झळकत होतं की डोळा ठरत न्हाई.

"लाल कुठं हाय?" मालकांनी विचारलं.

"तुह्या डोळ्यात," आत्याबाई म्हणली.

सगळे हसले. शेठजी पुढं झाले. "ही तुमची मंडळी का? आजपासून आमची काच हिच्याकडं. अन् संकटाला असं तोंड देणारी बाई मी मोंढ्यात पाहिली न्हाई." शेजारच्या दुकानदारांनीही तिथंच निरोप दिले, परवा या, तेरवा या. मी मालकांच्या तोंडाकडं बघायला भ्याले, खरंच भ्याले. बोल तर आला होता. आता शिडीचं काय?

मी पाण्याची बादली उचलली अन् शिडीकडं वळले. शिडी जागेवर नव्हती. मालकांनी ती खांद्यावर घेतली होती.

चालायला लागले. मोंढ्यातून, भर बाजारातून, हॉटेलाच्या पुढून, जिथं चार माणसं वळखीची बसली होती. मधोमध रस्त्यानं. आमी दोघी मागं. आत्याबाई मला कोपरानं ढोसत होती अन् मी तिला.

स्टँडवर शेवटून दुसरी गाडी लागली होती. मालक स्वतः मागच्या पायऱ्यांनी टपावर चढले, शिडी आडवी ठेवली, दोरीनं दोन ठिकाणी करकचून बांधली. कंडक्टरनं खालून हटकलं, "ओ दादा, कुणाची शिडी हाय ही?"

मालक टपावर ताठ उभे राहिले अन् अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणले, "माह्या बायकोची."