शेवटचा बाक आणि आठ खुर्च्या

मेडिकल कॉलेजच्या लेक्चर हॉलमध्ये आम्ही शंभर जण बसायचो. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड माझी जागा ठरलेली. मराठी शाळेतून आलेली मी. सर इंग्रजीत सांगत, मी कानावर पडेल ते वहीत उतरवून घेई आणि खोलीवर पाठ करी. मला कुणी काही विचारत नसे, आणि तेच बरं वाटे.

तिसऱ्या वर्षी एक नव्या मॅडम आल्या. त्यांनी आम्हा आठ जणांना एका टेबलाभोवती बसवलं. व्याख्यान नाहीच. हातात एक कागद दिला: ऊसतोडीला आलेला माणूस फडात बेशुद्ध पडलाय. "आता काय कराल?" एवढं विचारून त्या गप्प. आम्ही जे विचारू तेवढंच त्या सांगत. बोलायची पाळी जवळ आली की मी वहीची पानं उलटू लागे. एकदा मी बेशुद्धीची सगळी कारणं क्रमाने, न चुकता म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, "ही यादी झाली. माणूस कुठाय? काल तो कुठं होता, काय करत होता, हे विचारलंस का?"

बुधवारी तो तास असे. मंगळवारपासून मला जेवण जात नसे. दोनदा तर ताप आल्याचं खोटं सांगितलं. त्यात परीक्षा जुन्याच पद्धतीची. आमचे विभागप्रमुख सर वर्गात म्हणाले होते, "गप्पा मारून कुणी पास होत नाही." त्याचीही धास्ती होतीच.

पास झाले. इंटर्नशिपमध्ये राजूरच्या पुढे, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रावर गेले. एका सकाळी डॉक्टरसाहेब जीप घेऊन मीटिंगला गेलेले, केंद्रात मी आणि सिस्टर दोघीच. तेवढ्यात एका बाईला पाठकुळी घेऊन तिचा नवरा आला.

"पोटात लई दुखतंय म्हनती, म्याडम. पहाटपासून दोनदा उलटी झाली."

पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. पोटदुखीची कारणं डोक्यात रांगेनं उभी राहिली, पण एकही पटेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काल काय खाल्लं?"

"आमी समद्यांनी तेच खाल्लं की. आमाला काय न्हाई झालं."

"रात्री झोपल्या कुठं होत्या?"

"भुईवरच, गोधडी टाकून."

मी बाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिच्या पापण्या अर्ध्यावर आलेल्या. "डोळे उघडा," म्हटलं, तर तिला उघडता येईनात. भुईवर झोपलेल्याला रात्री चावणारा साप. मण्यार. आधी पोट दुखतं, मग पापण्या मिटतात आणि चावल्याची खूण पुष्कळदा दिसतच नाही, हे सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. औषधाचा डोसही.

"सिस्टर, सापाच्या औषधाच्या कुप्या काढा. सगळ्या."

"नक्की ना, मॅडम? रिॲक्शन आली तर?"

नक्की नव्हतं. मी 'हो' म्हटलं. सलाईनच्या बाटलीत औषध सोडलं आणि रिॲक्शनवरचं इंजेक्शन उशाशी भरून ठेवलं.

दुधाचा टेम्पो थांबवून आम्ही संगमनेरच्या रस्त्याला लागलो. वाटेत तिचा श्वास मंदावला. मी तोंडावर मास्क धरून श्वास द्यायची रबरी पिशवी दाबायला लागले. दाबायची, सोडायची. नवरा पायाशी बसून एकच विचारत होता, "जगंल ना?" पिशवी मी दाबतेय म्हणून ती जिवंत आहे, आणि माझं चुकत असेल तर मीच तिला मारतेय, एवढंच मनात चाललं होतं.

मोठ्या दवाखान्यात तिला मशीनवर ठेवलं. चौथ्या दिवशी ती आपली आपण श्वास घेऊ लागली.

केंद्रावर परतल्यावर डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "ओळखलंस कसं?" वहीतलं सगळं होतंच माझ्याजवळ, पण त्या टेबलाशी मॅडमनी मला गप्प बसून छळलं नसतं, तर 'कुठं झोपल्या होत्या' हे तोंडून निघालंच नसतं.

भीती मात्र गेली नाही. दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या बंद दाराशी मी उभीच राहिले; सिस्टरनं दोनदा हाक मारली तेव्हा दार उघडलं.