देव हवेत असताना

धाटावच्या एका कंपनीत पंपांच्या जड मोटारी चेनपुलीने उचलून बसवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे पेणला बहिणीच्या गणपतीच्या कारखान्यातून मोठी मूर्ती ट्रकवर चढवायची असली की मला फोन येतोच.

मूर्ती पट्ट्यांत बांधून वर घेतली की ती झुलू नये म्हणून चार बाजूंनी चौघं दोर धरतात. गेल्या वर्षी मूर्ती नुकती उचलली आणि न्यायला आलेल्यांपैकी कुणीतरी ओरडला, "गणपती बाप्पा..." चौघांनीही "मोरया" म्हणत हात वर केले. दोर सुटले आणि बाप्पा खांबाकडे निघाले. सोंड थोडक्यात वाचली. मी काय काय बोललो ते देवासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

यंदा आधीच बजावलं, "वजन हवेत असताना आवाज फक्त माझा. मी सांगितल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाय. बाप्पाचं नावसुद्धा नाय."

बहीण भडकली. "देव काय मुक्यानं जायचा व्हय?"

"ट्रकवर टेकला की म्हणा हवं तेवढं."

मूर्ती अलगद टेकली, पट्टे सैल पडले. तरी सगळे चिडीचूप. चौघं दोर घट्ट धरून माझ्याकडेच बघत होते.

बहीण म्हणाली, "आवाज तुझाच ना? मग काढ की."

"गणपती बाप्पा," मी ओरडलो, आणि चेन सोडून सगळ्यांत आधी माझाच हात वर गेला.